लेझीमवाल्याच्या सांगाड्याला कुठली तार घ्यावी

गौरी-गणपतीच्या देखाव्यासाठी मी बाहुल्या करते. डोकं कागदाच्या लगद्याचं, अंग कापूस आणि चिंध्यांचं, आत तारेचा सांगाडा. वारकरी, जात्यावरची बाई एकदा बसवली की बसवली. लेझीमवाल्याचं तसं नाही. तो एका पायावर झुकलेला, हात डोक्याच्या वर, आणि दरवर्षी त्याला नवा पवित्रा द्यायचा असतो. त्याला टिकेल ती तार बाकी सगळ्यांना टिकते, म्हणून सगळं त्याच्याच मापाने सांगते. उंची ९ इंच, म्हणजे साधारण २३ सेंटीमीटर.

हार्डवेअरच्या दुकानात नुसती ‘वाकणारी तार’ मागितली तर बहुधा जी. आय. तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, पुढे येते. कुंपणाला ती उत्तम, सांगाड्याला नको. वाकवून सोडली की ती थोडी मागे फिरते, आणि उचललेला हात संध्याकाळपर्यंत खाली येतो. सेंट्रिंगवाले सळया बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग तार मऊ असते, पण ओल्या लगद्यात गंजते आणि पांढऱ्या धोतरावर तांबूस डाग उमटतात. मी ती फक्त सांधे आवळायला वापरते, तेही लगदा लागणार नाही तिथेच.

मला पसंत आहे ती मऊ अ‍ॅल्युमिनियमची तार. नर्सरीत बोन्सायसाठी तपकिरी रंगाची मिळते ती. गंजत नाही आणि वजनाला लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश, त्यामुळे बाहुली वरून जड होत नाही. वीजजोडणीच्या जुन्या केबलमधली अ‍ॅल्युमिनियमची तार भंगारात स्वस्त पडते, पण ती जास्त कडक असते. तांबं छान वाकतं, मात्र महाग, आणि वाकवता वाकवता कडक होत जातं.

पुण्यात बोहरी आळीत गेलात किंवा तुमच्या गावच्या दुकानात, तार हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. वीतभर तुकडा मागा. बोटाभोवती काटकोनात वळवा आणि सोडा. कोन होता तिथेच राहिला पाहिजे. डोळ्याला दिसेल इतका उघडला तर ती तार परत द्या. मग त्याच जागी पुढे-मागे वाकवत राहा. चांगली मऊ तार हळूहळू कडक होत जाते आणि बराच वेळ दम धरते. चार-पाच वेळांतच वळणावर बारीक भेगा दिसल्या तर गेज, म्हणजे जाडीचा नंबर, कितीही बरोबर असू दे, ती घेऊ नका.

गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सव्वा. म्हणून मिलिमीटरमध्येच मागा. जाडीत थोडा फरकही हाताला खूप जाणवतो: जाडी दुप्पट केली की वाकवायला आठपट जोर लागतो. ९ इंची लेझीमवाल्याला पाय आणि धडासाठी २ मिलिमीटर, हातांना दीड, बोटांना १ पुरते.

पाय-धडाला साठ सेंटीमीटरचा एकच तुकडा घ्या. मधोमध दुमडून डोक्याचा फासा करा, मान ते कंबर पीळ द्या, पुढे दोन पाय सोडा. पीळ सैल हवा, इंचाला दोन-तीन आटे. करकचून पिळलेली तार तिथेच कडक होते आणि पुढे वाकायला मागत नाही. हातांना दीड मिलिमीटरची तार दुहेरी घेते. एक पदर तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

तार तुटते ती बहुतेक वेळा पकडीच्या दातांनी खरवडलेल्या जागी. पकडीच्या जबड्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळा, आणि गुडघा-कोपर टोकदार मोडू नका, पेन्सिलीवरून गोल वळवा. गुळगुळीत तारेवर फेविकॉल नीट धरत नाही, म्हणून कापूस लावण्याआधी सगळ्या सांगाड्यावर सुती दोरा घट्ट गुंडाळा.

अंगणात ठेवायला सिमेंटची मूर्ती करायची असेल तर मात्र अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको. ओलं सिमेंट त्याला खातं. तिथे जी. आय.च घ्या, पवित्रा बदलायचा नसतो, त्यामुळे तिचा कडकपणा उपयोगीच पडतो.

सगळा भार येतो तो टेकलेल्या पायाच्या घोट्यावर. त्या पायाला घोट्यापासून पोटरीपर्यंत दुसरी तार जोडून बारीक तारेने आवळा. तळव्याखाली तीन सेंटीमीटर तार जास्त ठेवा. प्लायवुडला तारेच्याच मापाचं भोक पाडा, तार खालून काटकोनात वळवा, वर एम-सील दाबा आणि रात्रभर हात लावू नका.