मॅटबाहेरची चार मिनिटे: शालेय कुस्ती खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी

शालेय स्पर्धेत आपले मूल मॅटवर उभे राहते तेव्हा वस्तादांचे काम ठरलेले असते, पंचांचे ठरलेले असते आणि मुलाचेही ठरलेले असते. आई-वडिलांनी बाहेर बसून नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. माझा मुलगा नाशिकमध्ये शालेय कुस्ती खेळला आणि त्या काळात पंचवटीतील हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात मी अनेक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून काढले. जे शिकलो ते उशिरा शिकलो आणि त्यातल्या एका चुकीची किंमत मुलाला मोजावी लागली. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्पर्धेची रचना आधी समजून घ्यावी. शालेय कुस्ती १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होते. ग्रामीण भागातील मुले तालुका आणि जिल्हा स्तरावर खेळतात, नाशिक शहरातील मुले महापालिका स्तरावर खेळतात, आणि त्यापुढे विभाग, राज्य व राष्ट्रीय असे टप्पे असतात. प्रवेश शाळेमार्फतच होतो, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे ओळखपत्र आणि जन्मतारखेचा पुरावा क्रीडा शिक्षकांकडे आहे की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. स्पर्धा बहुतेक वेळा बाद पद्धतीची असते आणि पुढच्या स्तरावर सहसा वजनगटातील पहिलाच मल्ल जातो. याचा अर्थ असा की वर्षभराच्या जोर-बैठका आणि पहाटेच्या तालमीनंतर मुलाचा संपूर्ण मोसम एकाच लढतीत संपू शकतो. पालकांनी हे मनाशी आधीच स्वीकारलेले असले, तर दिवसाच्या शेवटी त्यांचा चेहरा मुलाला आणखी जड होत नाही.

सर्वांत जास्त काळजी घेण्याची गोष्ट म्हणजे वजन. १७ वर्षांखालील मुलांच्या फ्रीस्टाइलमध्ये ४८, ५१, ५५, ६० असे गट असतात, आणि ५२ किलोच्या मुलाला ५१ मध्ये बसवावे की ५५ मध्ये खेळू द्यावे, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. खालच्या गटात पदक सोपे जाईल, हा हिशेब मोहात पाडणारा असतो. विनेश फोगाट पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी केवळ १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली, तेव्हा काट्याची निष्ठुरता साऱ्या देशाला कळली. पण तिच्यामागे अनुभव आणि वैद्यकीय पथक होते, आपल्या पंधरा वर्षांच्या मुलामागे केवळ आपण असतो. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण काही आठवड्यांच्या अंतराने वजन उतरवताना दगावले. ते पाणी तोडून, उष्ण जागेत, घाम काढणारे कपडे घालून व्यायाम करत होते. त्यानंतर तिथले नियम कडक झाले आणि रबरी सूटवर बंदी आली. आपल्याकडे आजही स्पर्धेच्या आधी दोन-दोन जर्किन घालून, वर प्लॅस्टिकचे जाकीट चढवून धावणारी मुले दिसतात. आपले मूल त्यांच्यात असेल, तर त्याला थांबवण्याचा अधिकार आणि जबाबदारी पालकांची आहे, वस्ताद काहीही म्हणोत. वाढीच्या वयात शरीर वरचा गट मागत असेल तर तो द्यावा. हे माझे ठाम मत आहे. एखादे पदक हुकले तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो, पण पाणी तोडल्याने शरीराची झालेली हानी तशी भरून निघत नाही.

वजन देऊन झाल्यावर मुलाला भूक लागलेली असते आणि बाहेर मिसळीचा वास दरवळत असतो. नाशिककराने मिसळीला नाही म्हणणे कठीण आहे, हे मला मान्य आहे, तरी त्या सकाळी तिखट तर्री आणि तळलेले पदार्थ टाळावेत. थोडे थोडे पाणी किंवा लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, केळे, खजूर, घरून नेलेला मऊ वरण-भात किंवा साधे पोहे एवढे पुरेसे होते. खुराकाचे दूध-बदाम तालमीच्या दिवसांसाठी राखून ठेवावे. पोटात जड काही असताना कोणी दाबून धरले तर काय होते, ते मूल स्वतःच सांगेल. पिशवीत दोन टॉवेल, स्वतःची पाण्याची बाटली, नखे कापण्याचे यंत्र आणि सुती पट्टी असावी. पंच नखे पाहतात, अंगाला तेल लागलेले नाही ना हे पाहतात, आणि या किरकोळ कारणांनी मुलाची धावपळ होऊ नये.

आता प्रत्यक्ष लढतीकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत जत्रेतली लाल मातीची कुस्ती असते, जिथे समोरच्याला अस्मान दाखवले तरच निकाल लागतो. मॅटवर चितपट झाली तर लढत तिथेच संपते हे खरे, पण बहुतेक लढती गुणांवर ठरतात. १७ वर्षांखालील गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. उभ्याने एकेरी किंवा दुहेरी पट काढून, म्हणजे एक किंवा दोन्ही पाय धरून, समोरच्याला खाली आणले आणि मागून ताबा घेतला, तर दोन गुण मिळतात. खाली असलेल्या मल्लाची पाठ मॅटकडे वळवली, जसे भारंदाज डावाने, म्हणजे मागून कंबरेला पकड घालून, वळवतात, तर पुन्हा दोन. खालच्याने सुटून उलट ताबा घेतला तर एक गुण, आणि समोरच्याचा पाय वर्तुळाच्या रंगीत पट्ट्याबाहेर गेला तर एक गुण. उभ्याने उचलून थेट पाठीवर टाकणारा डाव चार गुण देतो, आणि तोच हवेत मोठी कमान घेऊन पडला तर पाच. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की तांत्रिक गुणाधिक्याने लढत थांबते. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड चालत नाही आणि तिथे ही आघाडी आठ गुणांची असते; मुली फ्रीस्टाइलच खेळतात.

पालक सर्वांत जास्त चिडतात ते समान गुणांच्या निकालावर. फलकावर २-२ दिसते, वेळ संपते, आणि पंच समोरच्याचा हात वर करतात. अशा वेळी आधी कोणाचा डाव मोठा होता हे पाहिले जाते: एकाने दोन गुणांचा एक ताबा घेतला असेल आणि दुसऱ्याने एकेक करून दोन गुण जमवले असतील, तर पहिला जिंकतो. तेही समान असेल तर कमी ताकिदी असलेला, आणि तेही समान असेल तर शेवटचा गुण घेणारा विजयी ठरतो. तसेच एखादा मल्ल केवळ बचाव करत राहिला तर पंच आधी तोंडी समज देतात आणि नंतर त्याला तीस सेकंदांची मुदत देतात. त्या मुदतीत कोणीच गुण घेतला नाही, तर समोरच्याला एक गुण जातो. म्हणजे १-१ वर शेवटच्या अर्ध्या मिनिटात मुलगा पुढे का झेपावतो आहे किंवा समोरचा मागे मागे का सरकतो आहे, हे ज्याला नियम माहीत आहेत त्यालाच कळते. हे कळू लागले की ओरडण्याची गरज आपोआप कमी होते, कारण पाहण्यासारखे पुष्कळ असते: डोके कोणाच्या छातीला टेकले आहे, कंबर कोणाची खाली आहे, वर्तुळाचा मध्य कोणी धरला आहे.

आता ती चूक सांगतो. मुलाचा उपांत्य सामना होता आणि तो पुढे होता. दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्ध्याने त्याला खाली आणून मागून धरले. मुलगा पोटावर सपाट पडून राहिला होता, कोपरे अंगाला घट्ट चिकटवलेली, कपाळ मॅटला टेकलेले. मला ते हरल्यासारखे वाटले आणि मी कठड्याला धरून ओरडू लागलो, “ऊठ, ऊठ, उठून उभा राहा!” त्या गलक्यात त्याला माझाच आवाज ऐकू गेला. त्याने उजवा हात पुढे टेकवून उठायचा प्रयत्न केला. हात अंगापासून सुटला, त्या मोकळ्या फटीतून समोरच्याने कंबरेभोवती पकड घातली आणि भारंदाजाने त्याला फिरवले. त्या दोन गुणांनी सामना गेला. दोन दिवसांनी जेवताना, ताटाकडे बघत, तो एवढेच म्हणाला, “बाबा, खाली असताना उठायचं नसतं. वस्ताद सांगतात, सपाट राहा, पंच उठवतील.” खालच्याला फिरवता येत नाही असे दिसले की पंच दोघांना पुन्हा उभे करतात, आणि तो नेमका त्याचीच वाट पाहत होता. मॅटच्या कोपऱ्यातून वस्ताद एक सांगत असताना प्रेक्षागृहातून बाप दुसरे सांगत असेल, तर मूल बापाचेच ऐकते, कारण तो आवाज त्याने जन्मापासून ऐकलेला असतो. म्हणून लढत सुरू असताना डावाचे नाव, सूचना किंवा आज्ञा पालकांनी कदापि देऊ नये. ओरडायचेच असेल तर मुलाचे नाव घ्यावे आणि टाळ्या वाजवाव्यात.

पंचांशी वाद घालण्याबाबतही हेच लागू होते. मॅटवर पंच, बाजूला जज आणि टेबलावर मॅट चेअरमन असे तिघे असतात, आणि गुण देण्यासाठी त्यांच्यात किमान दोघांचे एकमत लागते. जिथे व्हिडिओची सोय असते तिथे निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क मल्लाच्या प्रशिक्षकाला असतो, आणि आव्हान फेटाळले गेले तर समोरच्याला एक गुण मिळतो. म्हणून तो निर्णय प्रशिक्षकांवर सोडावा. समोरच्या मुलाला तर एक वाईट शब्दही जाऊ नये, त्याचेही आई-वडील दोन खुर्च्या सोडून बसलेले असतात.

मोबाइल वापरायचा असेल तर तो आडवा धरून, एका जागी बसून, संपूर्ण लढत टिपावी. असे चित्रण वस्तादांना नंतर फार उपयोगी पडते. इतरांच्या मुलामुलींचे चित्रण त्यांच्या पालकांना न विचारता समाजमाध्यमांवर टाकू नये.

लढतीनंतर दुखापत पाहण्याचे काम मात्र पालकांचेच आहे, कारण मुले ती लपवतात. डोके आपटल्यानंतर मुलाला गुणफलक आठवत नसेल, मळमळ होत असेल किंवा तो गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर पुढची लढत सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि परवानगी मिळेपर्यंत तालीम बंद ठेवावी. कान सुजून मऊ लागला तर त्वचा आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचलेले असते. एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ते काढून घेतले नाही, तर कान कायमचा जाड आणि वेडावाकडा होतो. मोडलेला कान हा पैलवानाचा दागिना मानण्याची रीत आहे, पण तो दागिना घालायचा की नाही हे पंधराव्या वर्षी हलगर्जीपणाने ठरू नये. गजकर्ण मॅटवरून आणि टॉवेलवरून पसरते, म्हणून घरी येताच साबणाने आंघोळ, कॉस्च्युम धुणे आणि अंगावर गोल चट्टा दिसल्यास लगेच उपचार, हे नियमाने करावे.

हरल्यावर काय बोलावे, याचे माझे उत्तर असे आहे की आधी काहीच बोलू नये. मुलाने आधी वस्तादांकडे जावे, मग त्याच्या सवंगड्यांकडे, आणि शेवटी आपल्याकडे यावे. त्या उपांत्य सामन्यानंतर माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला आणि त्याने बुटाची नाडी तीनदा सोडून तीनदा बांधली. मी टॉवेल आणि बाटली शेजारी ठेवली आणि दोन हात अंतरावर बसून राहिलो. वीस मिनिटांनी त्याने बाटली उचलली. नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत स्कूटरवर आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि तिथे त्यानेच विचारले की आईने जेवायला काय केले आहे.

जिंकल्यावरही आवरते घ्यावे. जानेवारी २०२० मध्ये नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ असे हरवून महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. दोघेही काका पवार यांच्याच तालमीतले. निकाल लागल्यावर हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. ते चित्र मी मुलाला दाखवले होते. त्या उपांत्य सामन्याच्या पुढच्या वर्षी महापालिका स्तरावर जिंकल्यानंतर त्याने हरलेल्या मुलाला हात देऊन उठवले, त्याच्या प्रशिक्षकांच्या पाया पडला, आणि मग वर आमच्याकडे पाहिले. मी हात वर केला. तो पुन्हा वस्तादांकडे वळला, कारण विभागीय स्पर्धेची तारीख त्यांच्याकडून लिहून घ्यायची होती.