जिथे लायब्ररी अडते, तिथून प्रपोजल सुरू करा

दर वर्षी जानेवारी उजाडला की ज्युनिअर मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. "ताई, समर ऑफ कोडचं तुझं जुनं प्रपोजल पाठवशील का?" मी पाठवते. पण नुसतं प्रपोजल वाचून काही हाती लागत नाही. त्याच्या मागे जे घडलं ते कळायला हवं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. समर ऑफ कोड हा गूगलचा कार्यक्रम. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं एखादं सॉफ्टवेअर किंवा लायब्ररी (इतरांना वापरता येणारा तयार कोड) निवडून तिच्यावर मार्गदर्शकाबरोबर काम करायचं. निवड व्हावी म्हणून आपण काय करणार ते लिहून द्यायचं, तेच प्रपोजल.

मी नाशिकची. मेकॅनिकल इंजिनिअरिंग इथल्याच एका कॉलेजात केलं. बाबा सातपूरच्या एमआयडीसीत टर्नर. घरात कॉम्प्युटर आला तो मी दुसऱ्या वर्षाला असताना, सेकंडहँड. हे सांगायचं कारण एवढंच, की "आमची ब्रँच कॉम्प्युटर नाही, मग आम्हाला जमेल का" असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळावं. जमतं. उलट मेकॅनिकलचं शिक्षण माझ्या कामाला आलं, ते कसं ते पुढे येईलच.

गूगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे. सुरुवातीला तो फक्त विद्यार्थ्यांसाठी होता. 2022 पासून अठरा वर्षांवरच्या, ओपन सोर्समध्ये नवख्या असलेल्या कोणालाही अर्ज करता येतो. त्याच वर्षी मी पहिला अर्ज केला आणि तो साफ चुकला. सगळे मशीन लर्निंगच्या मागे होते म्हणून मीही त्या विषयातली एक मोठी लायब्ररी निवडली. चार रात्री जागून चौदा पानं लिहिली. पहिल्या आठवड्यात कोडबेस समजून घेईन, दुसऱ्या आठवड्यात डिझाइन करीन, असं वेळापत्रक टाकलं. नकार आला तेव्हा वाईट वाटलं. सहा महिन्यांनी तेच प्रपोजल पुन्हा वाचलं आणि नकार का आला ते कळलं. त्या चौदा पानांत त्या लायब्ररीच्या कोडमधली एकही ओळ नव्हती. नाव बदलून ते कुठल्याही लायब्ररीला पाठवता आलं असतं.

सिंपाय मला भेटली ती सबमिशनमुळे. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या ग्राफ पेपरवर काढताना माझी उत्तरं चुकायची, आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात संध्याकाळ जायची. एका सीनिअर दादानं सांगितलं की पायथनमध्ये सिंपाय नावाची लायब्ररी आहे, ती आकड्यांऐवजी अक्षरांनी गणित करते, आणि तिच्यात बीमसाठी (तुळईसाठी) वेगळा विभाग आहे. बीमची लांबी द्यायची, कुठे किती लोड आहे ते सांगायचं, आधार सांगायचे. ती रिअ‍ॅक्शन काढून देते, मोमेंटचं समीकरण देते. पॉइंट लोडसाठी उणे एक, सलग पसरलेल्या लोडसाठी शून्य, चढत्या लोडसाठी एक, असा लोडचा 'ऑर्डर' द्यावा लागतो. हे आकडे कुठून आले याचं मला कुतूहल वाटलं, म्हणून कोड उघडला. आत आमच्या पुस्तकातलीच, बीमवरचे सगळे लोड एकाच समीकरणात मांडायची मॅकॉलेची पद्धत निघाली, सिंग्युलॅरिटी फंक्शनच्या रूपात. हा सगळा भाग 2016 च्या समर ऑफ कोडमध्ये एका विद्यार्थ्यानं सुरू केला होता हे कळलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इथे आपल्यालाही काही करता येईल.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. लायब्ररी निवडताना नाव किती मोठं आहे ते पाहू नका. तुम्ही जी स्वतःच्या कामासाठी वापरली आणि जी वापरताना कुठेतरी अडलात, ती निवडा. लॅपटॉप जुना असेल तरी सिंपायचं एक रूप थेट ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. आधी तिथे आठ-दहा दिवस खेळा.

दुसरी गोष्ट पॅचची, म्हणजे कोडमधल्या छोट्या बदलाची. सिंपायमध्ये प्रपोजलसोबत निदान एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' अशी विनंती, दाखवावी लागते. अनेकांना हा अडथळा वाटतो. मला विचाराल तर अख्ख्या प्रक्रियेत सगळ्यात जास्त शिकवणारा भाग हाच आहे. माझी पहिली पुल रिक्वेस्ट बीमच्या माहितीतल्या एका उदाहरणाचं स्पष्टीकरण सुधारणारी होती. सहा ओळी. तरीही आपोआप चालणारी टेस्ट लाल (नापास) झाली, कारण मेलमॅप नावाच्या फाइलमध्ये नव्या माणसानं आपलं नाव आणि ईमेल टाकायचं असतं, ते मी टाकलं नव्हतं. मग बॉटनं, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं, सांगितलं की वर्णनात रिलीज नोट्सचा (नव्या आवृत्तीत काय बदललं त्याच्या नोंदीचा) ठरलेला मजकूर नाही. तो भरला. मग एका रिव्ह्यूअरनं विचारलं की हे उदाहरण डॉकटेस्टमध्ये (माहितीतली उदाहरणं चालवून तपासणाऱ्या टेस्टमध्ये) चालवून पाहिलंस का. नव्हतं पाहिलं. सहा ओळींना मला अकरा दिवस लागले. पण दुसऱ्या पुल रिक्वेस्टला यातलं काहीच सांगावं लागलं नाही, आणि तिसरीत मी टेस्ट आधी लिहून मग कोडला हात लावला. प्रपोजल वाचणारी माणसं हीच असतात. सांगितलेलं ऐकून तुम्ही काम सुधारता का, हे त्यांनी तोवर पाहिलेलं असतं.

इथे आपल्याकडच्या मुलांची एक सवय आडवी येते. इश्यूखाली, म्हणजे कोणी नोंदवलेल्या अडचणीखाली, "सर, प्लीज मला असाइन करा" एवढंच लिहून आपण वाट बघत बसतो. सिंपायमध्ये इश्यू कोणाच्या नावावर करून देत नाहीत. आधी कोणी त्यावर काम करतंय का ते पाहायचं, नसेल तर सरळ सुरू करायचं. सर-मॅडमही नको, पहिल्या नावानं बोलायचं. मला हे फार जड गेलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायची म्हणजे उद्धटपणा, असं आपल्या अंगात भिनलेलं असतं. पण तिथे आदर दाखवायची रीत वेगळी आहे. प्रश्न विचारण्याआधी स्वतः काय करून पाहिलं ते लिहायचं, आणि प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा, एकट्याला खासगीत गाठून नाही. बहुतेक जण नोकरी सांभाळून फुकट हे काम करतात. उत्तराला चार दिवस लागले तर ते रागावले असं समजू नका. आणि ती माणसंही कधी काळी आपल्याच जागी होती. सिंपायचं नेतृत्व पुढे अनेक वर्षं ज्यांनी केलं ते आरोन म्यूरर 2009 मध्ये याच कार्यक्रमातून विद्यार्थी म्हणून आले होते.

आता प्रपोजल. 2023 साली अर्ज 20 मार्चला खुले झाले आणि 4 एप्रिलला बंद झाले. मी लिहायला लागले पाडव्याला, 22 मार्चला, पण विषय डिसेंबरातच सापडला होता. दोन बीम हिंजनं, म्हणजे बिजागरीसारख्या सांध्यानं, जोडायची सोय सिंपायमध्ये होती. मी हौसेनं तीन तुकडे दोन हिंजनी जोडून पाहिले, पुस्तकातल्या गर्बर बीमसारखे, आणि गाडी अडली. कोडमध्ये हिंजची जागा साठवायला एकच खण होता, दुसरा हिंज त्यात मावतच नव्हता. हे मी चर्चेत मांडलं, सोबत पाच ओळींचा कोड आणि हातानं सोडवलेल्या उत्तराचा फोटो जोडला. उत्तर आलं, "हे व्हायला हवं. तू कसं करशील?" त्या प्रश्नाचं उत्तर देता देता माझं प्रपोजल तयार झालं.

म्हणून मी ज्युनिअरना सांगते, पहिल्याच पानावर तो कोड ठेवा जो आज चालत नाही. त्याखाली, काम पूर्ण झाल्यावर तोच कोड काय उत्तर देईल ते लिहा. वाचणाऱ्याला एका मिनिटात कळतं की तुम्ही काय करणार आहात. स्वतःची ओळख, मार्क, आवड हे सगळं नंतर आलं तरी चालतं. मग कुठली फाइल, कुठलं फंक्शन बदलणार, जुन्या लोकांचा कोड मोडू नये म्हणून काय करणार, आणि कुठलं गणित अजून सुटलेलं नाही. हे शेवटचं लिहायला मुलं घाबरतात. मी लिहिलं होतं की हिंजपाशी उताराची उडी सिंग्युलॅरिटी फंक्शननं कशी मांडायची याबद्दल माझ्याकडे दोन मार्ग आहेत आणि दुसरा मला पुरता पटलेला नाही. सगळ्यात जास्त कॉमेंट त्याच परिच्छेदावर आल्या, आणि त्यातून तो मार्ग सुधारला.

वेळापत्रकात खरं लिहा. आपल्या विद्यापीठाची परीक्षा मे-जूनमध्ये असते आणि कोडिंग मेअखेरीस सुरू होतं. पहिल्या वर्षी मी परीक्षेचा उल्लेखच टाळला होता. दुसऱ्या वर्षी सरळ लिहिलं की पहिले तीन आठवडे रोज दोनच तास देता येतील आणि राहिलेलं काम जुलैत भरून काढीन. 2022 पासून बारा आठवड्यांचा काळ बोलून वाढवताही येतो. परीक्षा लपवून जूनमध्ये गायब होणारा मुलगा त्यांना नको असतो, परीक्षा आहे म्हणून आधी सांगणारा चालतो. तसंच, नियमानं तीन प्रपोजल देता येतात, पण मी एकच दिलं. तीन लायब्ररींत एवढं खोल उतरायला वेळ कोणाकडे असतो?

मसुदा शेवटच्या दिवसापर्यंत लपवून ठेवू नका. मी 26 मार्चला कच्चा मसुदा दाखवला. रामनवमीला, 30 तारखेला, आई काळाराम मंदिरात दर्शनाच्या रांगेत होती आणि मी बाहेर पायरीवर बसून मोबाइलवर कॉमेंट वाचत होते. मुदत जागतिक वेळेनुसार संध्याकाळी सहाची, म्हणजे आपली रात्री साडेअकराची. फाइल मुदतीपर्यंत बदलता येते, म्हणून एक पीडीएफ दोन दिवस आधी चढवून ठेवली आणि सुधारलेली नंतर घातली. माझ्या एका मैत्रिणीचं नेट त्या रात्री अकराला गेलं. तिचं प्रपोजल चांगलं होतं, ते पोचलंच नाही.

4 मेला निकाल लागला. माझी निवड झाली नाही. प्रत्येक संस्थेला मोजक्याच जागा मिळतात, मार्गदर्शकही मोजकेच असतात, आणि ते लक्षात घेऊनच संस्था क्रम लावते. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग तिसरी पुल रिक्वेस्ट, जी निकालाच्या आधीपासून अर्धवट होती, ती पूर्ण केली. दोन हिंजचा प्रश्न पुढे दुसऱ्या कोणीतरी सोडवला. आज सिंपायच्या बीमला हवे तितके हिंज लावता येतात. तो कोड मी ओळन् ओळ वाचला आहे, आणि तो माझ्या प्रपोजलमधल्या मार्गापेक्षा सरळ आहे.

मला नाशिकच्याच अंबडला डिझाइनच्या कामावर नोकरी लागली ती मुलाखतीत या पुल रिक्वेस्ट दाखवून. समोरच्या साहेबांनी रिव्ह्यूमधल्या कॉमेंट वाचल्या आणि एकच प्रश्न विचारला, "इथे त्यांनी तुमचं म्हणणं का मान्य केलं नाही?" मला ते सांगता आलं.

निकाल लागला त्याच मे महिन्यात सिंपायची 1.12 ही आवृत्ती आली होती. प्रत्येक आवृत्तीसोबत, त्यात हातभार लावलेल्या सगळ्यांची नावं आडनावाच्या अक्षरानुसार छापतात आणि पहिल्यांदाच काम केलेल्यांच्या नावापुढे चांदणी असते. बाबा शिफ्टवरून आल्यावर मी त्यांना ती यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून आमचं आडनाव शोधलं, चांदणीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "पहिल्यांदा आलेल्यांना देतात." त्यांनी ते पान पुन्हा एकदा वरपासून वाचायला घेतलं.