खानापूरचा पाऊस, बेडूक आणि कॅमेरा

निसर्गफोटोग्राफीचं वेड लागलं की पहिल्याच पावसाळ्यात आंबोली नाहीतर चोर्ला घाट गाठायची घाई होते. घाई नको. बेळगाव-खानापूर भागात येळ्ळूरच्या भातशिवारातला एखादा बांध, राकसकोप जलाशयाचा काठ, जांबोटीच्या वाटेवरचा ओहोळ, यांतली एकच जागा धरा आणि आठवड्यातून एकदा तिथंच जा. ओळख झाल्याशिवाय फोटोत जीव येत नाही.

बेडकांपासून सुरुवात केलेली बरी. अंधार पडल्यावर आधी आवाज ऐका. ओरडणं थांबलं तर समजा, तुम्ही फार जवळ गेलात. टॉर्च बंद करून गप उभे राहा. काही मिनिटांत पुन्हा सूर लागतो. गळ्याची पिशवी फुगली की क्लिक करायचं, म्हणून आधी दोन ओरडण्यांमधलं अंतर पकडा.

मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ/11, शटर 1/200 सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 200 आणि फ्लॅश. एफ/11 ला सुद्धा अगदी जवळून जेमतेम एक-दोन मिलिमीटरच नेमकं टिपलं जातं, तेव्हा फोकस डोळ्यावरच. उघडा फ्लॅश ओल्या कातडीवर पांढरे डाग पाडतो, आणि ते नंतर सॉफ्टवेअरनं सहजासहजी जात नाहीत. पुढं पांढरं कापड किंवा पातळ फोम लावा. जमिनीवर पोट टेकवायची तयारी ठेवा. उभ्यानं वरून काढलेला बेडूक म्हणजे नुसता ठिपका. फोटोसाठी त्याला उचलून पानावर ठेवू नका. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, हाताला लावलेलं डासांचं मलम त्याला बाधतं.

इथली ओल कॅमेऱ्याची वैरी. बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि काचेचा लेपच खाते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल घाला, दाण्यांचा रंग बदलला की तापवून वाळवा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर काच धुरकटते. अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

खानापूर तालुक्यातलं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नका. तिथल्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ 1913 मध्ये शास्त्राला कळलं, आणि ती जात जगात मोजक्याच ठिकाणी सापडते. त्यांच्यावर फ्लॅश अजिबात नको. मिळेल तेवढ्या फोटोवर भागवा.