गाडीचा एसी एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला कोमट: दोष कसा शोधावा

रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर वैशाखात गाडी चालवताना डावीकडची हवा गारेगार आणि चालकाकडची कोमट येऊ लागली, की पुष्कळदा कोणतीही तपासणी न करता गॅस भरला जातो. त्याआधी दोष थंडाव्यात आहे की हवेच्या वाटणीत, हे ठरवलेच पाहिजे, आणि ते घरीही ठरवता येते.

प्रथम ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून प्रत्येक जाळीसमोर हात धरावा. सगळीकडेच जोर कमी असेल, तर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असलेला केबिन फिल्टर काढून पाहावा. आंब्याखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तो मोहोर आणि पाल्याने भरतो, पावसाळ्यात त्यावर बुरशीही धरते. एकाच जाळीचा जोर कमी असल्यास डॅशबोर्डमागची हवेची नळी निसटली आहे का, हे पाहावे.

जोर सारखा असून गारवाच वेगळा असेल, तर इंजिन तापल्यावर एसी बंद करून तापमानाची कळ पूर्ण गरमकडे न्यावी. दोन्हीकडे सारखी गरम हवा आली, तर गॅसचा संशय बळावतो. एक बाजू बदललीच नाही, विशेषतः दोन बाजूंना वेगळे तापमान ठेवता येणाऱ्या गाडीत, तर त्या बाजूचा फ्लॅप (गार-गरम हवेचे प्रमाण ठरवणारी झडप) किंवा त्याची छोटी मोटर तपासावी. तिचे प्लास्टिकचे दाते झिजले की कळ फिरवताना डॅशबोर्डमधून टकटक ऐकू येते.

गॅस कमी झाला की डॅशबोर्डमागच्या, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलचा, तो जिथून आत शिरतो तेवढाच भाग गार होतो. कॉइलच्या उरलेल्या भागात पोचण्याआधीच त्याची वाफ झालेली असल्याने तिकडची हवा कोमट राहते. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, म्हणजे तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच. किनाऱ्यावर पहिला संशय रेडिएटरपुढच्या कंडेन्सरवर घ्यावा, कारण खाऱ्या हवेने त्याचे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असल्यामुळे गळतीच्या जागी, बहुधा पाइपांच्या जोडावर किंवा कंडेन्सरच्या कडेला, धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो. जोड मात्र स्वतः सैल करू नयेत, बाहेर पडणाऱ्या गॅसने कातडी गोठते.

गळती दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम करून, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा व ओल ओढून काढून, बॉनेटखालच्या स्टिकरवर दिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजनाने भरून घ्यावा, आणि जुना किती निघाला, नवा किती भरला, हे बिलावर लिहून मागावे.