मृगाआधी शेतातले दगड कामी लावा

राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली जागा) भाजून झाले, खाचरं म्हणजे भाताची बांधलेली शेतं मोकळी आहेत आणि पेरणीला अजून अवकाश आहे. शहापूर, मुरबाड, अंबरनाथच्या डोंगरपट्ट्यात दगडकामासाठी हीच वेळ. मृग ७-८ जूनला लागतो आणि एकदा चिखलणी सुरू झाली की बांधाकडे बघायला कुणाला सवड नसते. नांगराला अडकतात म्हणून वेचून कडेला टाकलेले दगड बहुतेक ठिकाणी ओढ्यात लोटले जातात. कृपा करून तसं करू नका. ओढ्याचं पात्र त्याने अडतं आणि पाणी शेजाऱ्याच्या खाचरात शिरतं.

हाताशी असलेला दगड आधी घराच्या जोत्याला किंवा कुंपणाला नको, पाणी जिथे माती नेतं तिथे घाला. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. वरच्या खाचरातलं जादा पाणी सांडव्यावरून, म्हणजे बांधात ठेवलेल्या वाटेवरून, खाली पडतं तिथे खड्डा पडतो. तो खड्डा मागे मागे सरकत बांधाच्या पोटात शिरतो आणि एका रात्रीत बांध फुटतो. म्हणून सांडव्याच्या दोन्ही कडा आणि पाणी पडण्याची जागा ढिगातल्या सर्वांत मोठ्या, जड दगडांनी भरून घ्या. एवढं एक काम झालं तरी यंदाची निम्मी चिंता मिटली.

दगड निवडताना सुतकीने, म्हणजे दगड फोडायच्या हातोड्याने, ठोकून पाहा. काळा कठीण दगड खणखणीत वाजतो. बद्द आवाज आला किंवा कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागले तर तो सडका दगड, भरावाला ठीक, भिंतीच्या तोंडाला म्हणजे दर्शनी बाजूला नको. ओढ्यातले गोटे गुळगुळीत असल्याने एकमेकांवर बसत नाहीत. दोन बाजू तरी सपाट असलेला ओबडधोबड दगड रचाईला उत्तम.

गडगा, म्हणजे सिमेंट-मातीशिवाय नुसत्या दगडांची कोरडी भिंत, घालायचा तर वरची माती काढून मुरूम लागेपर्यंत, निदान वीतभर तरी, पाया खणा. तीन फूट उंचीला तळाशी दोन फूट रुंदी धरा आणि दोन्ही अंगांनी आत घेत माथ्यावर एक फुटावर आणा. मोठे दगड तळाला. प्रत्येक दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाऊ द्या. दर्शनी भाग मोठा दिसावा म्हणून दगड उभा लावला की तो पहिल्या पावसातच बाहेर येतो. खालच्या थरातल्या सांध्यावर वरचा दगड यायला हवा. दोन-तीन हातांवर एखादा लांब दगड भिंतीच्या आरपार टाका, त्याने दोन्ही तोंडं एकमेकांना धरून राहतात. मधली पोकळी मातीने भरू नका, कपच्या ठासून भरा. दगड बसवल्यावर त्यावर पाय देऊन बघा. हलला तर खाली कपची सारा, तरच पुढचा घ्या.

किती दगड लागेल याचा अंदाज आधी घ्या. रचलेल्या भिंतीच्या एका घनमीटरला साधारण दोन टन दगड लागतो. म्हणजे दहा मीटर लांब, एक मीटर उंच आणि सरासरी साठ सेंटिमीटर रुंद गडग्याला बारा टन. एवढा साठा नसेल तर लांबी कमी करा, रुंदी कमी करू नका.

सिमेंटचा मोह बांधाच्या कामात टाळा. मातीला टेकलेल्या भिंतीमागे पावसाळ्यात पाणी साठतं. कोरड्या रचाईतून ते झिरपून जातं. सिमेंटने तोंड बंद केलं आणि पाण्याला वाट ठेवली नाही की मागच्या दाबाने भिंत फुगते. कोरड्या रचाईमागेही वीतभर बारीक दगडांचा थर देऊन मगच माती ओढा.

वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर आंबा-काजू असेल तर प्रत्येक झाडाच्या उताराकडच्या बाजूला दगडांची अर्धगोल ताल, म्हणजे माती अडवणारा छोटा बांध, घाला. घळीत अनघड (न घडवलेल्या दगडांचा) दगडी बांध घालताना मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा. पाणी मधूनच जायला हवं, नाहीतर ते काठ कापतं. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याशी समपातळीत येईल एवढं अंतर ठेवा.

ढिगाऱ्यात घोणस, फुरसं, विंचू हमखास असतात. हात घालू नका. पहारीने दगड आपल्याकडे उलटा, म्हणजे आतलं जनावर पलीकडे निघून जाईल. जाड बूट घाला आणि कामं सकाळीच उरका.

दगड आपल्या शेतातले, आपल्याच शेतात वापरा. राखीव वनातून दगड उचलणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. जमीन खणून दगड काढणं, विकणं किंवा बाहेर नेणं गौण खनिजाच्या नियमांत येतं, तेव्हा आधी तलाठी किंवा तहसील कार्यालयात विचारा.

पहिला मोठा पाऊस पडला की छत्री घेऊन बांधावर चक्कर मारा. दगडांतून निवळ पाणी येत असेल तर काम बरोबर झालं. गढूळ धार दिसली तर आतून माती चालली आहे. ती जागा त्याच दिवशी कपच्यांनी भरा, लावणीची वाट पाहू नका.