एका खोलीला रंग किती? दुकानात जाण्याआधीची तयारी

रंगाच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "खोली केवढी आहे?" आपण सांगतो, "दहा बाय बारा." पण हे माप फरशीचं झालं आणि रंग लागणार आहे भिंतींना. त्यामुळे शेड कार्ड उघडण्याआधी मोजपट्टी, कागद-पेन्सिल आणि पट्टीचं टोक धरायला घरातलं एक माणूस, एवढं जमवा.

कार्पेट एरियाला तीन किंवा साडेतीनने गुणून रंगाचं क्षेत्र काढायची पद्धत ठेकेदारांत रुळलेली आहे. अख्ख्या फ्लॅटचा ढोबळ अंदाज त्यातून मिळतो, पण एका खोलीसाठी तो धरू नका. साडेनऊ फूट उंची धरून पाहा. १५ बाय २० च्या हॉलमध्ये भिंती आणि छत मिळून ९६५ चौरस फूट भरतात, म्हणजे फरशीच्या सव्वातीनपट. १० बाय १२ च्या खोलीत ५३८, म्हणजे साडेचारपट. आणि ६ बाय ८ च्या छोट्या खोलीत ३१४, म्हणजे थेट साडेसहापट! खोली जितकी लहान, तितकी फरशीच्या मानाने भिंत जास्त. लहान खोलीचा रंग शेवटच्या भिंतीवर संपतो तो यामुळेच.

आता आपली १० बाय १२ ची खोली घ्या. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले उंची साडेनऊ, म्हणजे ४१८ चौरस फूट. उंची मात्र खरोखर मोजा, जुन्या चाळीतलं किंवा वाड्यातलं छत नव्या इमारतीपेक्षा बरंच उंच असू शकतं. यातून ३ बाय ७ चं दार (२१) आणि ५ बाय ४ ची खिडकी (२०) वजा केली की ३७७ उरतात. स्विचबोर्ड, झरोका, एसी असल्या बारीकसारीक जागा वजा करू नका, त्यांच्या कडांना हात फिरवताना तेवढा रंग जातोच. भिंतीत बसवलेलं कपाट वजा करा. सरकवता येणारं कपाट मात्र वजा करू नका, त्याच्यामागची भिंतही रंगवायची आहे. खिडकीच्या आतल्या बाजू, बीमचा खाली उतरलेला भाग आणि उघडा माळा असेल तर त्याचं पोट, हे कागदावर वेगळं लिहून बेरजेत घ्या.

आकडे झाले की भिंतीकडे नीट बघा. माझ्या मते खरी तयारी ही आहे आणि घाईत नेमकी हीच राहून जाते. तळहात भिंतीवर घासा. पांढरी भुकटी लागली तर खाली चुना किंवा जुनं डिस्टेंपर आहे. ते न खरवडता वर प्लास्टिक पेंट दिला, तर काही महिन्यांत पोपडे सुटतात. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं आहे. खिडकीखाली, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आणि छताच्या कोपऱ्यात ओल तपासा. शंका असेल तिथे फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. कोकणात आणि मुंबईत पाऊस थांबल्यावरही पश्चिमेकडच्या भिंती वाळायला वेळ लागतो. दिवाळी तोंडावर आली म्हणून ओल्या भिंतीवर रंग चढवू नका. गळती असेल तर आधी ती बंद करून घ्या. तोवर रंगाचा हिशोब बाजूला ठेवलेला बरा.

भिंत खणखणीत आणि कोरडी असेल तर पुढचं सोपं आहे. घरातल्या भिंतींच्या चांगल्या इमल्शनला (म्हणजे प्लास्टिक पेंटला) दोन हातांसाठी, म्हणजे दोन थरांसाठी, लिटरमागे साधारण १२० ते १४० चौरस फूट धरतात. डब्यावर कंपनीचा आकडा असतो, पण तो गुळगुळीत, तयार भिंतीसाठी असतो. म्हणून मी १२० धरायला सांगेन, आणि भिंत खरबरीत असेल तर १००. डब्यावरचा आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे नक्की वाचा, नाहीतर हिशोब थेट निम्म्यावर येतो. ३७७ भागिले १२० म्हणजे ३.१४ लिटर. रोलरला, ट्रेला चिकटून जाणारा दहा टक्के धरला की साडेतीनच्या आसपास. म्हणून ४ लिटरचा डबा घ्या. गडद भिंतीवर फिका रंग द्यायचा असेल, किंवा लाल-पिवळ्यासारखा झाकायला कमजोर रंग निवडला असेल, तर तिसरा हात लागतो. मग वर आणखी दीड लिटर धरा.

छताचे १२० चौरस फूट वेगळे. एका खोलीला एक लिटर जेमतेम पुरतो, पण घरभर छत पांढरंच असेल तर सगळ्या खोल्यांचं मिळून एकदम घ्या.

रंगाआधी खाली द्यायच्या प्रायमरला एकच हात पुरतो, लिटरमागे सव्वाशेच्या आसपास. भिंती आणि छत मिळून ४९७ चौरस फुटांना ४ लिटर अगदी काठावर बसतो, एक लिटर वर ठेवा. भिंत सपाट करायला सगळीकडे पुट्टीचा लेप भरायचा असेल तर दोन हातांना किलोमागे १० ते १५ चौरस फूट धरा, म्हणजे ४० किलोची गोणी. नुसत्या भेगा आणि खिळ्यांची भोकं बुजवायची असतील तर ५ किलो भरपूर. पुट्टी घासल्यावर त्या जागांना प्रायमरचा हात पुन्हा द्या, नाहीतर तिथे रंग जास्त शोषला जाऊन डाग दिसतात. दार, चौकट आणि ग्रिलचा ऑइल पेंट या हिशोबात नाही, तो आणि त्याचं टर्पेंटाइन स्वतंत्र लिहा.

शेड नक्की करण्याआधी मिळेल तो सगळ्यात लहान डबा घेऊन भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन दोन हात देऊन रंगवा. सकाळच्या उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटखाली, दोन्ही वेळा बघा. कार्डावरच्या तुकड्यापेक्षा चार भिंतींवर तोच रंग अधिक गडद वाटतो.

दुकानात गेल्यावर एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी मशीनवर बनवून घ्या. नंतर आणलेल्या लिटरची छटा किंचित वेगळी निघू शकते आणि ती भिंतीच्या मध्यावर उठून दिसते. दोन डबे असतील तर सुरुवात करण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. झाकणावर शेड नंबर, फिनिश आणि बॅच तिथेच पडताळा, कारण शेड बनवून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाहीत. घासकागद, मास्किंग टेप, खरवडायला पत्रा, नऊ इंची रोलर आणि कोपऱ्यांसाठी दोन इंची ब्रश त्याच फेरीत घ्या. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, पेंटर आल्याबरोबर त्यांना ते दाखवा. जास्त पाण्याने रंग पुरतो खरा, पण भिंत झाकत नाही आणि मग तिसऱ्या हाताचा डबा आणावा लागतो.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरा आणि वर खोलीचं नाव, शेड नंबर आणि तारीख लिहा.