कार्बोरेटर खोलायच्या आधी जरा थांबा

जुनी मारुती ८०० नाहीतर फियाट घेतलेला नवा गडी महिनाभरात एकच तक्रार घेऊन येतो. "काका, गाडी अ‍ॅव्हरेज देईना." मी विचारतो, किती देते? "अकरा-बारा असंल." मोजलंस कसं? तर पाचशेचं पेट्रोल टाकलं आणि काटा खाली येईपर्यंत फिरवली. आता तीस वर्षांच्या गाडीचा काटा तो. पन्हाळ्याच्या चढाला पाव टाकी दाखवतो आणि उताराला रिकामी. त्याच्यावर विश्वास ठेवून तुम्ही इंजिन खोलायला निघालात!

टाकी फुल्ल करा. नोझल पहिल्यांदा कट झालं की तिथंच थांबवा, पंपावरच्या पोराला राउंड फिगर करू देऊ नका. किलोमीटर लिहून ठेवा. अडीच-तीनशे चालवून त्याच पंपावर परत फुल्ल करा आणि भागाकार करा. असं तीन वेळा. मी वही ठेवतो, डॅशबोर्डच्या कप्प्यात, पेन्सिलीसकट. नुसता रंकाळा ते स्टेशन फेऱ्या मारायच्या आणि हायवेचा आकडा मागायचा, हे तर बोलूच नका.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. माझी ९५ सालची एट हंड्रेड सोळाच्या आसपास द्यायची. एका पावसाळ्यानंतर ती साडेअकरावर आली. मी काय केलं? जे सगळे करतात तेच. कार्बोरेटरचं, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचं, किट बदललं. प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, एअर फिल्टर नवा. वहीत आकडा पावणेबारा. मग दुसऱ्या मिस्त्रीकडून परत कार्बोरेटर खोलला. तरी पावणेबाराच. दोन महिने आणि बराच पैसा गेला.

एका रविवारी जोतिबाला गेलो. केर्लीच्या पुढं घाट सुरू झाला की गाडी नेहमीपेक्षा जड वाटत होती, पण म्हटलं चढ आहे. वर गाडी लावली तर बायको म्हणाली, "काहीतरी करपल्याचा वास येतोय हो." बॉनेट उघडलं, तिथं काही नाही. वास मागून येत होता. डाव्या मागच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागली. बाटलीतलं दोन थेंब पाणी शिंपडलं, चर्र झालं. हँडब्रेकची केबल पावसात आतून गंजली होती. लिव्हर खाली जायचा, पण केबल मागं सरकायची नाही, आणि ब्रेक शू ड्रमला घासत राहायचा. दोन महिने मी ब्रेक लावून गाडी चालवत होतो आणि दोष कार्बोरेटरला देत होतो. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रीनं जॅक लावला, चाक हातानं फिरवलं, ते अर्धा फेरासुद्धा फिरेना. तो एवढंच म्हणाला, "पहिल्यांदा गाडी ढकलून बघायची की ओ." नवी केबल टाकली, ड्रम साफ केले. पुढची टाकी पंधरा पॉइंट आठ.

तेव्हापासून माझी सवय आहे. महिन्यातून एकदा सपाट जागी गाडी न्यूट्रलला टाकायची, हँडब्रेक सोडायचा आणि उतरून ढकलायची. एट हंड्रेड साडेसहाशे किलोच्या आसपास आहे, एका माणसाच्या जोरानं आरामात सरकली पाहिजे. घाम आला तर चाकांकडं बघा: ब्रेक, हवा, बेअरिंग. थोडं फिरून आलात की चारही रिमजवळ हात नेऊन बघा. एकच चाक जास्त गरम असेल तर चोर सापडला. टायरच्या हवेबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगतो: टायर गार असताना भरा, आणि कंपनीनं सांगितलेल्या आकड्याएवढीच.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरातल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, तार घालणं.

शेजाऱ्यांच्या पोरानं व्हिडिओ बघून त्यांच्या फियाटचा कार्बोरेटर व्हरांड्यात वर्तमानपत्रावर खोलला. जेट बुजलंय म्हणून सायकलच्या ब्रेक केबलचा एक धागा काढून आत फिरवला. चांगला पाचदहा मिनिटं. "काका, एकदम मोकळं केलं." मोकळं केलंस बाबा, फार मोकळं केलंस. जेट पितळेचं असतं आणि तार पोलादी. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. ते घासून १.२० झालं तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे जास्तीचं पेट्रोल कायमचं चालू झालं. त्यांच्या सायलेन्सरच्या तोंडाला काजळी धरली आणि प्लग काढले तर चुलीतल्या लाकडासारखे काळे. शेवटी नवं जेट आणावं लागलं. कार्बोरेटर क्लीनर मारायचा, वरून कॉम्प्रेसरची हवा. तेवढ्यानं निघालं नाही तर जेट भिजत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी या. घाई कुणाला आहे? या पोरांना. चार वाजता खोलतात आणि सहाला मिसळ खायला निघायचं असतं.

स्क्रूचंही तेच. कार्बोरेटरवरचा मिक्श्चरचा स्क्रू मुख्यतः आयडलिंगपुरता, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू राहण्यापुरता असतो. साठच्या स्पीडला पेट्रोल येतं ते मेन जेटमधून. स्क्रू आवळून हायवेचं अ‍ॅव्हरेज वाढत नाही. उलट गाडी उचलताना अडखळते, आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबता. फिरवायचाच असेल तर इंजिन पूर्ण गरम करून, चोक (थंड इंजिनाला हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा नॉब) पूर्ण आत ढकलून, आणि आधी किती फेऱ्यांवर होता ते वहीत लिहून. पूर्ण आत नेऊन पिळू नका, सुईच्या टोकाला खाच पडते.

चोकवरून आठवलं. सकाळी ओढलेला चोक कावळा नाक्यापर्यंत तसाच ठेवणारे लोक मी बघितलेत. नॉब आत गेला तरी केबल अडकून कार्बोरेटरच्या तोंडावरची पट्टी अर्धी बंद राहू शकते. फिल्टरचं झाकण काढा आणि डोळ्यांनी बघा.

"गाडी गरम होते" म्हटलं की काही मिस्त्री थर्मोस्टॅट वॉलच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडपच, काढून टाकतात. मग टेंपरेचरचा काटा मध्यावर येतच नाही. इंजिन थंड राहिलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते जास्त जळतं आणि सिलिंडरही घासतो. जुनी गाडी घेतलीत तर वॉल आहे का ते आधी बघा. रेडिएटर बुजलाय म्हणून वॉल काढणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं.

प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम पाइप तर कुणी बघतच नाही. कार्बोरेटरच्या बाजूनं काढा, तोंडात धरून हवा ओढा आणि जिभेनं बंद करा. ओढ टिकली तर ठीक. हवा येत राहिली तर पाइप चिरली आहे किंवा आतला पडदा फाटलाय. मग सावकाश चालवतानाचा अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी थोडी आधी पडणं, तुम्हाला मिळतच नाही. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पट्ट्यांची) गाडी असेल तर त्यांचा गॅपही तपासा, घासून कमी झाला की ठिणगीचं टायमिंग मागं जातं.

कागदी एअर फिल्टर पेट्रोलनं धुऊ नका, नवा घ्या. अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणून पेट्रोल पाइपला लावायची लोहचुंबकं विकणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. फोंडा घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या गाडीत बसत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात नाही. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच उसापासून बनलेलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं सहा-सात टक्के अ‍ॅव्हरेज तिथंच जातं. कार्बोरेटरला ते कळतही नाही, जेट ठरल्याएवढंच सोडतं. सोळाची गाडी पंधरावर आली म्हणून परत खोलायला बसू नका. त्याऐवजी पेट्रोलच्या रबरी पाइपा बोटानं दाबून बघा. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. माझी टाकीजवळची पाइप गेल्या दिवाळीत बोटाला चिकटली, त्याच संध्याकाळी बदलून घेतली, क्लिपांसकट.